भर उन्हात चार्जिंगचा करंट का पडतो? चार पॅनेल, एक कंट्रोलर आणि जिन्याखालची बॅटरी

तुमचा प्रश्न मला असा समजला आहे. कोपरखैरण्यातील तुमच्या रो-हाउसच्या गच्चीवर ३३५ वॉटचे ४ पॅनेल आहेत. चारही पॅरलल (अधिकाला अधिक, उण्याला उणे) जोडून गच्चीवरून तळमजल्यापर्यंत ४ चौरस मिमीची एकच वायरजोडी सुमारे १५ मीटर खाली आणली आहे. जिन्याखाली ६० अँपिअरचा, १५० व्होल्ट मर्यादेचा एमपीपीटी (पॅनेलचे जास्तीचे व्होल्टेज उतरवून करंट वाढवणारा) चार्ज कंट्रोलर आहे, आणि १५० अँपिअर-तासांच्या २ ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचे अधिक दुसरीच्या उण्याला) जोडून २४ व्होल्टची बँक केली आहे. जानेवारीत दुपारी कंट्रोलरवर ३२-३३ अँपिअर दिसत होते, आता एप्रिलमध्ये ऊन त्याहून कडक असूनही आकडा २३-२४ च्या वर जात नाही, आणि रात्री ९ ला इन्व्हर्टरवर घेतलेले ३ पंखे पहाटे ३-४ च्या सुमारास बंद पडतात. वायरमनच्या मते कंट्रोलर खराब झाला आहे. घरात पडून असलेला २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम (पॅनेल थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर चालवणारा साधा) कंट्रोलर २ पॅनेलांसाठी वेगळा लावावा का आणि भावाकडच्या २ जुन्या बॅटऱ्या जोडाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे.

ठाणे आणि नवी मुंबईत गेली १८ वर्षे मी हीच कामे करतो आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला कंट्रोलर निर्दोष वाटतो. तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत: दिवसा पॅनेलमधून निघणारी वीज कंट्रोलरपर्यंत पोहोचण्याआधीच व्होल्टेज गमावते, आणि रात्रीचा भार बॅटरीच्या ताकदीबाहेरचा आहे. पहिली अडचण दूर झाल्याने दुसरी आपोआप सुटणार नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या घेतो.

आधी पॅनेलचे लेबल पाहू. ३३५ वॉटच्या ७२ सेलच्या पॅनेलवर साधारणपणे ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेले) ४५.५, जास्तीत जास्त पॉवर देतानाचे व्होल्टेज ३७.५, त्या वेळचा करंट ८.९ अँपिअर आणि शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोके थेट जोडल्यावरचा) ९.४ अँपिअर असे आकडे असतात. तुमच्या लेबलवर थोडा फरक असेल तर तो धरून पुढचा हिशेब करावा. हे आकडे सेलचे तापमान २५ अंश असतानाचे असतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या पॅनेलचा सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतो, आणि तापमानाच्या प्रत्येक अंशामागे पॉवर देतानाचे व्होल्टेज जवळजवळ ०.४ टक्क्यांनी घटते. ४० अंशांच्या वाढीचे १६ टक्के वजा केले की ३७.५ चे ३१.५ व्होल्ट उरतात. तुमच्या २४ व्होल्टच्या बँकेला पूर्ण चार्ज होण्यासाठी २८.८ व्होल्ट लागतात. म्हणजे पॅनेलच्या टोकाशीच मोजले तरी हाताशी तीनेक व्होल्टच शिल्लक राहतात, आणि अजून १५ मीटर वायर बाकी आहे.

आता त्या वायरकडे येऊ, कारण माझ्या मते दोष तिथेच आहे. ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या सोलर केबलचा रोध मीटरमागे सुमारे ५ मिलिओहम असतो. करंट जातो आणि परत येतो, त्यामुळे १५ मीटर अंतरासाठी ३० मीटर वायर धरावी लागते. तापलेल्या वायरचा वाढीव रोध धरला तर एकूण ०.१८ ओहमच्या आसपास होतो. चार पॅनेल पॅरलल असल्याने या एकाच जोडीतून जवळजवळ ३५ अँपिअर जाऊ पाहतात, आणि ३५ गुणिले ०.१८ म्हणजे ६.३ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. ३१.५ मधून ६.३ गेले की कंट्रोलरच्या दाराशी २५ व्होल्ट येतील, आणि बॅटरी तर त्या वेळी २७-२८ व्होल्टवर बसलेली असते. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचे व्होल्टेज खाली आणून त्याच्या बदल्यात करंट वाढवतो; बॅटरीहून कमी व्होल्टेजवर तो काही करू शकत नाही. मग त्याला पॅनेलला अधिक व्होल्टेजकडे ढकलावे लागते, जिथे करंट घसरतो, आणि तुम्हाला २३-२४ अँपिअर दिसतात. जानेवारीत सेल १५-२० अंशांनी थंड होता, दर पॅनेलमागे दोन-अडीच व्होल्ट अधिक मिळत होते आणि गाडी कशीबशी चढावर चढत होती. ऊन वाढले तसा करंट कमी झाला, याचे कारण एवढेच आहे.

असाच प्रसंग काही वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधील एका छोट्या कारखान्यात मी पाहिला होता. तिथे मेच्या दुपारी दोन वेळा कंट्रोलर बदलून झाला होता आणि तिसऱ्याची तयारी चालू होती. पत्र्यावर चढून मी पॅनेलच्या जोडावर मल्टिमीटर लावला तेव्हा ३४ व्होल्ट होते, आणि त्याच क्षणी खाली उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्याने कंट्रोलरच्या टर्मिनलवरचे २८.४ वाचून दाखवले. भिंतीवरून उतरणाऱ्या वायरला हात लावला तर ती चहाच्या कपासारखी गरम लागत होती. वायर बदलण्याचीही गरज पडली नाही. पॅनेलांची जोडणी बदलली आणि त्याच कंट्रोलरने त्याच दुपारी जवळजवळ दीडपट करंट दिला.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी तुम्हीही हेच माप घ्यावे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी १२ ते १ च्या दरम्यान, चार्जिंग चालू असताना, गच्चीवर जिथे चारही पॅनेल एकत्र येतात तिथले व्होल्टेज आणि कंट्रोलरच्या पॅनेल-टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर करंटही लिहून ठेवा. फरक ४ व्होल्टहून अधिक आला तर माझे निदान बरोबर आहे असे समजा. फरक एक-दीड व्होल्टच आला तर मात्र दोष दुसरीकडे शोधावा लागेल, आणि तेव्हा मी आधी चारही पॅनेलांचे करंट एकेक करून पाहीन.

उपाय असा: दोन-दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडून २ स्ट्रिंग (ओळी) करा आणि त्या दोन स्ट्रिंग पॅरलल जोडा. व्होल्टेज दुप्पट होईल आणि वायरमधला करंट ३५ वरून १८ अँपिअरवर येईल. वायरमध्ये उष्णतेच्या रूपाने जाणारी पॉवर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे आज पूर्ण करंट वाहिला असता तर जे सुमारे २२० वॉट वाया गेले असते, ते त्याच वायरमध्ये ६० वॉटच्या आत येतील. कडक उन्हातही स्ट्रिंगचे ६३ व्होल्ट निघतील, त्यातले तीनेक वायरमध्ये जातील आणि कंट्रोलरला ६० व्होल्ट मिळतील. तिथून २८ व्होल्टवर उतरवून करंट वाढवणे हे तर त्याचे खरे काम आहे. माझ्या अंदाजाने एप्रिलच्या दुपारी ३२ ते ३४ अँपिअर दिसायला हरकत नाही. शक्य असेल तर पुढेमागे प्रत्येक स्ट्रिंगसाठी स्वतंत्र वायरजोडी खाली आणा. मग एकूण नुकसान ३० वॉटवर येईल. पण ते आजच करायलाच हवे असे नाही.

सिरीजचे फायदे ऐकून चारही पॅनेल एकाच ओळीत जोडण्याचा मोह होतो, तो मात्र कटाक्षाने टाळा. ४ गुणिले ४५.५ म्हणजे १८२ व्होल्ट होतात आणि तुमच्या कंट्रोलरची मर्यादा १५० ची आहे. ही मर्यादा ओपन सर्किट व्होल्टेजला लागू असते आणि ती ओलांडली की कंट्रोलर पहिल्याच सकाळी जातो. शिवाय थंडीत व्होल्टेज वाढते. अंशामागे ०.३ टक्के धरले आणि पहाटेचे तापमान १० अंश मानले, तर लेबलवरच्या आकड्यात साडेचार टक्क्यांची भर पडते. त्या हिशेबाने २ पॅनेलांचे ९५ व्होल्ट होतात, जे निर्धास्त आहे. ३ पॅनेलांचे १४२ च्या वर जातात, जे मी माझ्या घरी लावणार नाही. ठाण्याच्या हवेत १० अंश क्वचितच दिसतात, पण कंट्रोलर जाण्यासाठी अशी एकच पहाट पुरते.

जोडणीचा निर्णय सावलीवरही अवलंबून आहे. गच्चीवरची पाण्याची टाकी, जिन्याच्या खोलीची भिंत आणि शेजाऱ्याने चढवलेला मजला यांच्या सावल्या कोपरखैरण्यात पॅनेलपासून फार लांब नसतात. सिरीजमध्ये दोन पॅनेलांतून एकच करंट वाहतो, त्यामुळे एकावर सावली पडली की जोडीदाराचेही उत्पन्न खाली येते. म्हणून ज्या दोन पॅनेलांवर सकाळी सावली येते त्यांची एक जोडी करा आणि ज्यांच्यावर संध्याकाळी येते त्यांची दुसरी. सावली मेमध्ये पाहून निर्णय घेऊ नका. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जातो आणि सावल्या पायाशी असतात. २२ डिसेंबरला तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. तेव्हा पॅनेलच्या दक्षिणेला असलेली दीड मीटर उंचीची टाकी दुपारी जवळजवळ १.४ मीटर लांब सावली टाकते, आणि सकाळी ९ ला त्याहून बरीच लांब. दिवसभर एकाच पॅनेलवर सावली राहत असेल तर ते पॅनेल हलवणे हाच खरा उपाय आहे.

आता सुरक्षिततेविषयी. इथे मी थोडा आग्रही होणार आहे. आजच्या जोडणीत चार पॅनेल पॅरलल आहेत आणि तुमच्या वर्णनात कुठेही फ्यूज नाही. एखाद्या पॅनेलमध्ये शॉर्ट झाला तर उरलेली तीन मिळून त्यात २८ अँपिअर उलटा करंट ढकलू शकतात, आणि अशा पॅनेलच्या लेबलवर फ्यूजची कमाल मर्यादा साधारणपणे १५ किंवा २० अँपिअर लिहिलेली असते. नव्या जोडणीत दोनच स्ट्रिंग राहतील, एक बिघडली तरी दुसरी ९.४ अँपिअरच देऊ शकेल, म्हणून स्ट्रिंगला वेगळा फ्यूज नसला तरी चालेल. तीन किंवा अधिक स्ट्रिंग पॅरलल झाल्या की प्रत्येकीला फ्यूज हवाच.

पॅनेलच्या वायरवर तुम्ही घरातला नेहमीचा ३२ अँपिअरचा एमसीबी बसवल्याचे लिहिले आहे. तो काढा. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबीच्या संपर्कांमध्ये पेटलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी करंट शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते आणि एमसीबीची पेटी वितळते. कळव्यातील एका घरी मी असा एमसीबी उघडला होता. बाहेरून दांडी खाली पडलेली, म्हणजे बंद. आतले दोन्ही संपर्क मात्र वितळून एकमेकांना चिकटलेले आणि प्लॅस्टिक कोळशासारखे काळे झाले होते. घरच्यांना वाटत होते की पुरवठा बंद आहे. स्ट्रिंगच्या व्होल्टेजला पुरेल असा डीसी एमसीबीच घ्या, आणि त्याच्यावर अधिक-उणे चिन्हे असतील तर ती काटेकोर पाळा, कारण अशा एमसीबीमध्ये दिशा उलटली तर ठिणगी विझवण्याची सोय निकामी होते.

बॅटरीच्या बाजूला धोका वेगळ्या प्रकारचा आहे. पॅनेल शॉर्ट झाला तर तो ९ अँपिअरवर थांबतो. बॅटरी शॉर्ट झाली तर हजारांत करंट देते आणि पाना लाल करते. म्हणून बॅटरीच्या अधिक टोकापासून हातभर अंतराच्या आत ८० अँपिअरचा डीसी फ्यूज लावा आणि कंट्रोलरपर्यंत १६ चौरस मिमीची वायर वापरा. कंट्रोलर बॅटरीपासून दोन मीटरच्या आतच असावा. अंतर पॅनेलच्या बाजूला गेले तर फक्त थोडी पॉवर जाते, पण बॅटरीच्या बाजूच्या वायरमध्ये अर्धा व्होल्ट जरी पडला तरी कंट्रोलरला बॅटरी आहे त्याहून भरलेली दिसते आणि तो वेळेआधीच हात आखडता घेतो.

तुमचा दुसरा प्रश्न पीडब्ल्यूएम कंट्रोलरचा. एका बॅटरी बँकेवर दोन कंट्रोलर लावता येतात, त्यात मूलतः चूक काही नाही. दोघांचे पॅनेल वेगवेगळे असावेत, दोघांची व्होल्टेजची सेटिंग एकसारखी असावी आणि दोघेही स्वतंत्र फ्यूजमधून बॅटरीला जोडलेले असावेत, एवढे पथ्य आहे. पीडब्ल्यूएम पॅनेलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो. ७२ सेलचे पॅनेल आणि २४ व्होल्टची बँक ही त्याची जुनी, बऱ्यापैकी जुळणारी जोडी आहे आणि आपल्या उष्ण हवेत त्याचे नुकसान पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा कमी असते, हे मान्य करायला हवे. तरीही तापलेले पॅनेल जिथे २८० वॉट देऊ शकते तिथे पीडब्ल्यूएम २३५ च्या आसपासच घेईल, आणि त्या दोन पॅनेलांना सिरीजमध्ये नेता येणार नसल्यामुळे लांब वायरचा प्रश्न तसाच राहील. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट अशी की, अनेक स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरमध्ये आतून पॅनेल आणि बॅटरी यांची अधिक बाजू सामाईक असते, तर बहुतेक एमपीपीटीमध्ये उणे बाजू सामाईक असते. अशा दोघांच्या पॅनेलच्या उणे वायरी कुठे एकत्र आल्या किंवा दोन्ही अर्थ केल्या, तर पीडब्ल्यूएमचा स्विच बाजूला पडून चार्जिंगवर ताबाच राहत नाही. तुमच्या ६० अँपिअरच्या कंट्रोलरमध्ये चारही पॅनेल आरामात बसतात, म्हणून दुसरा कंट्रोलर लावण्याचे कारण मला दिसत नाही.

जोडणी सुधारल्यावर एक सेटिंग बदलायचे विसरू नका. लेड-अॅसिड ट्यूब्युलर बॅटरीला तिच्या क्षमतेच्या साधारण १० टक्के करंटने चार्ज करणे योग्य मानतात, आणि २० टक्के ही माझी वरची हद्द असते. १५० अँपिअर-तासांसाठी हे १५ ते ३० अँपिअर होतात. दिवसा इन्व्हर्टरवर फ्रिज, पंखे चालू असतील तर कंट्रोलरच्या ३३ अँपिअरपैकी दहा-बारा तिकडेच जातील आणि बॅटरीला योग्य तेवढे मिळतील. घर दिवसभर बंद असेल तर मात्र कंट्रोलरमध्ये चार्जिंगची मर्यादा २५ अँपिअर ठेवा. बॅटरी कंपनीच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण माना. तापमानानुसार व्होल्टेज कमी-अधिक करणारा सेन्सर कंट्रोलरसोबत आला असेल, तर तो बॅटरीच्या अंगाला चिकटवा. जिन्याखाली मेमध्ये ३५ अंश असतात. अशा वेळी २८.८ ऐवजी २८.३ व्होल्ट पुरतात, आणि तेवढ्या अर्ध्या व्होल्टमुळे डिस्टिल्ड वॉटर कितीतरी कमी लागते. तिथे बंद दाराचे कपाट असेल तर त्याला वर आणि खाली जाळी बसवा. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने पेट घेतो.

भावाकडच्या जुन्या बॅटऱ्या मात्र जोडू नका. तुम्हाला त्या फुकट मिळत आहेत, त्यामुळे हे सांगणे जड जाते, पण अशा जोडणीने चांगल्या बॅटऱ्या दोन पावसाळ्यांत निकामी झालेल्या मी वारंवार पाहिल्या आहेत. जुन्या बॅटरीची साठवण कमी झालेली असते. ती पॅरलल जोडली तर ती रात्रभर शेजारणीकडून करंट ओढत राहते. सिरीजमध्ये जोडली तर दोघींतून सारखाच करंट जातो, जुनी आधी भरून उकळू लागते, आणि कंट्रोलरला दोघींची बेरीजच दिसत असल्याने नवी अर्धपोटी राहते. वापरण्याचा विचार असलाच तर आधी त्या वेगळ्या पूर्ण चार्ज करा, दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता) पाहा. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला ती १२४० च्या आसपास असते. एखादा सेल ११८० वर अडकला असेल तर निर्णय झाला असे समजा.

मग पंखे रात्रभर कसे चालणार? इथे साधा हिशेब मांडतो. तुमच्या बँकेत कागदावर २४ गुणिले १५०, म्हणजे ३६०० वॉट-तास आहेत. बॅटरी टिकवायची असेल तर त्यातले निम्मेच काढावेत, आणि इन्व्हर्टरमधला तोटा जाऊन हाती १५०० च्या थोडे वर लागतात. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॉट घेतो. असे ३ पंखे म्हणजे तासाला २२५ वॉट-तास. पावणेसात तासांत साठा संपतो. रात्री ९ ला सुरुवात केलीत तर पावणेचार वाजतात, आणि तुम्ही दिलेली वेळ नेमकी तीच आहे. म्हणजे तुमच्या बॅटऱ्या आजवर चोख काम करत आल्या आहेत. नव्या बॅटऱ्यांवर ३० हजारांच्या घरात खर्च करण्याआधी तीनही पंखे बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) घ्या. ते पूर्ण वेगावरही ३० वॉटच्या आसपास घेतात. ८ तासांचे ७२० वॉट-तास होतात आणि याच बँकेवर सकाळ उजाडून वर शिल्लक राहते. तुमचा मुख्य हेतू वीजबिल कमी करण्याचा असता तर मी बॅटरीच सुचवली नसती. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान महावितरणच्या ग्रिडला जोडलेल्या संचासाठी आहे, आणि बिलाच्या दृष्टीने तोच मार्ग सरळ आहे. वीज गेल्यावरही घर चालावे असे वाटत असेल तर तुमची सध्याची रचना योग्य आहे.

प्रत्यक्ष काम करताना क्रम पाळा. सूर्य मावळल्यावर किंवा पॅनेलांवर जाड चादर टाकून काम करा, कारण स्ट्रिंगचे ९० व्होल्ट डीसी अंगावर घेण्यासारखे नसतात. आधी पॅनेलची बाजू बंद करा, मग कंट्रोलर बॅटरीपासून सोडवा. परत जोडताना उलट: आधी बॅटरी, कंट्रोलरच्या पडद्यावर २४ व्होल्टची बँक ओळखली गेल्याची खात्री, आणि शेवटी पॅनेल. चालू उन्हात एमसी-४ जोड (पॅनेलच्या वायरींचे प्लग) ओढून काढायचा नाही. प्रत्येक स्ट्रिंग कंट्रोलरला लावण्याआधी सकाळी उन्हात मल्टिमीटरने तपासा: ८० ते ९१ च्या दरम्यान व्होल्टेज आणि अधिक चिन्ह दिसले पाहिजे. दोन्ही स्ट्रिंगमध्ये दोन-तीन व्होल्टहून जास्त फरक असेल तर जोड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी खाडीच्या हवेविषयी. कोपरखैरणे, वाशी, ऐरोली हा सगळा पट्टा खारट, दमट वाऱ्याचा आहे. वाशीत खाडीकडे तोंड असलेल्या गच्चीवर मी एकदा एमसी-४ जोड उघडला तेव्हा पिनेवर हिरवट पांढरी पूड साचलेली होती आणि नख लावताच पिनेचा तुकडा हातात आला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोड एकमेकांत बसवल्यामुळे रबरी सील नीट दाबलेच गेले नव्हते. तुम्ही एकाच कंपनीचे जोड वापरा, क्रिंपिंग (वायरीवर पिन दाबून बसवणे) पक्कडीऐवजी योग्य हत्याराने करून घ्या, टिनचा मुलामा असलेले लग (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) घ्या, आणि जोड पत्र्यावर किंवा कोब्यावर लोळत न ठेवता फ्रेमला बांधून वर उचलून ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी त्यांच्याभोवती साचणार नाही. पॅनेलच्या फ्रेमचे अर्थिंग जूनआधी तपासून घ्या आणि डीसी बाजूला सर्ज संरक्षण (विजांच्या कडकडाटात अचानक चढणाऱ्या व्होल्टेजपासून बचाव) नसेल तर तेही याच कामात बसवा.

जोडणी बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर, दोन्ही वेळा दुपारी साडेबाराला तीन आकडे लिहून मला कळवा: गच्चीवरचे व्होल्टेज, कंट्रोलरच्या पॅनेल-टर्मिनलवरचे व्होल्टेज आणि बॅटरीकडे जाणारा करंट. सोबत पॅनेलच्या मागच्या लेबलचा आणि कंट्रोलरच्या बाजूच्या पट्टीचा स्पष्ट फोटो असेल तर १५० व्होल्टच्या मर्यादेची खात्री मी स्वतः करून देईन. ती होईपर्यंत सिरीजची जोडणी कंट्रोलरला लावू नका.